स्टँडमधून दिसतो तो वेग

मोटारींच्या शर्यती पाहून पोरं बिघडतात, असं आमच्या बुलढाण्याकडे हमखास ऐकायला मिळतं. मेहकर-सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून तर जरा जास्तच. मला हे पटत नाही. टीव्हीवर शर्यत पाहून वेगाची चटक लागत असेलही, पण शुक्रवार ते रविवार स्टँडमध्ये बसणाऱ्या प्रेक्षकाच्या मनावर ठसतो तो वेगाभोवतीचा बंदोबस्त. टीव्हीचा कॅमेरा गाडीची पाठ सोडत नाही. स्टँडसमोरून मात्र ताशी 300 किलोमीटरच्या घरातली गाडी कानठळ्या बसवत क्षणात नाहीशी होते, आणि पुढची येईपर्यंत पाहायला उरतं ते जागेवर उभं असलेलं सगळं. हातात झेंडे घेतलेले मार्शल, वळणाबाहेरची खडी, टायरांच्या भिंती, क्रेन, अग्निशामक घेऊन वाकून उभी असलेली माणसं. खरं तर यात नवल नाही. आपल्या शंकरपटातही शेवटच्या रेषेपुढे बैलजोडी आवरायला मोकळं रान लागतंच.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 30 ऑक्टोबर 2011 रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. सेबास्टियन वेट्टेल जिंकला, आपला नारायण कार्तिकेयनही धावला. मला त्या आठवड्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती शुक्रवारची. पहिल्याच सरावात एक भटकं कुत्रं ट्रॅकवर आलं. लाल झेंडा दाखवला गेला, कोट्यवधींच्या गाड्या थांबल्या, कुत्रं हुसकावल्यावरच सराव पुढे सरकला. वर्तमानपत्रांनी याची थट्टा केली. मला तर त्यात व्यवस्थेची परीक्षा दिसते, आणि ती व्यवस्था पास झाली. पिवळा झेंडा हलला की ओव्हरटेक बंद, मग मागचा जगज्जेता का असेना. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी धावते, ती काही शोभेला नव्हे. त्या शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत डॅन व्हेल्डन लास वेगासला आणि मार्को सिमोन्चेली मलेशियात, असे दोन स्पर्धक शर्यतीतच गेले होते. नोएडात त्यांच्यासाठी सगळे स्तब्ध उभे राहिले.

हा बंदोबस्त काय कामाचा, हे 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनच्या शर्यतीत दिसलं. रोमां ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. सुमारे 28 सेकंद तो त्या आगीत होता. भाजलेल्या हातांनिशी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. डोक्यावरची संरक्षक कमान, न पेटणारा पोशाख, काही सेकंदांत बाहेर पडता येईल अशी बैठक, आणि तोवर येऊन ठेपलेले डॉक्टर. यातली डोक्यावरची कमान 2018 मध्ये सक्तीची झाली, तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून चाहत्यांनी नाकं मुरडली होती. ग्रोजाँनेही विरोध केला होता. आता 1 जुलै 2023 ची रात्र आठवा. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली, दाराच्याच बाजूवर पडली आणि पेटली. 25 माणसं गेली. वाचले ते मुख्यतः काच फोडून निघालेले. माणसांना बाहेर पडायला वाट नव्हती, हे मला त्या अपघाताइतकंच भयानक वाटतं.

यावर म्हणणारे म्हणतील, पाच किलोमीटरचा ट्रॅक कुठं आणि 701 किलोमीटरचा महामार्ग कुठं. शिवाय तिथले चालक निवडक, इथं रात्रभर जागून स्टेअरिंग धरणारा माणूस. खरं आहे. दर वळणावर मार्शल उभा करा, असं मीही म्हणत नाही. पण बसच्या दुसऱ्या दाराला, काच फोडायच्या हातोडीला आणि चालकाच्या झोपेला महामार्गाची लांबी आड येत नाही. वेगमर्यादेचंही तेच. शर्यतीतसुद्धा टायर बदलायच्या पिटलेनमध्ये बहुतेक ठिकाणी ताशी 80 ची मर्यादा असते, आणि ती ओलांडणाऱ्या जगज्जेत्यालाही दंड होतो. समृद्धीवर कारसाठी 120 ची मर्यादा आहे. ती पाळणं आमच्या पोरांना कमीपणाचं वाटतं, कारण त्यांनी पाहिलेली शर्यत फक्त पडद्यावरची आहे. दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मात्र मला खोडता येत नाही. असल्या शर्यतीचं स्वस्तातलं तिकीटही सामान्य घराला परवडत नाही, आणि करांच्या वादात भारतातली फॉर्म्युला वन 2013 नंतर बंदच पडली. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी शर्यत जरूर पाहावी, शुक्रवारपासून पाहावी.

बाकीच्यांना एवढीच विनंती. मेहकरहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडाल तेव्हा सीटवर आडवं होण्याआधी आपत्कालीन दार कुठं आहे आणि ते उघडतं का, ते पाहा. हातोडी जागेवर नसेल तर गाडी सुटायच्या आत विचारा.