पाव आटा

दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही, हे सत्य मी गेली सत्तावीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. शोकनायकाच्या प्रमादासाठी ॲरिस्टॉटलने जो शब्द योजिला, तो मुळात नेम चुकण्याचा. बाण चुकलेला दिसतो लक्ष्यापाशी. पण चूक घडलेली असते ती धनुष्याच्या दोरीपाशी. हे वाक्य मुलांना आवडते, ती ते वहीत उतरून घेतात, आणि मीही स्वतःवर प्रसन्न होऊन घरी येतो. परंतु त्या वाक्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो हुडकेश्वरला, भाऊजींच्या ओसरीवर.

नागपूरच्या दक्षिणेस, मानेवाड्याच्या पलीकडे, शहर आणि खेडे यांची सीमा जेथे दरवर्षी थोडी पुढे सरकते, तेथील एका लेआउटमध्ये माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. ताई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी भाऊजींकडे चहाला जाण्याचा माझा परिपाठ आहे.

भाऊजींचे सारे आयुष्य वरणगावच्या आयुधनिर्माणीत गेले. चीनच्या युद्धाने देशाला खडबडून जागे केले, त्यानंतर दोन वर्षांनी, १९६४ साली, भुसावळजवळ हा कारखाना उभा राहिला. आपल्या प्रांतातील या विद्येची परंपरा त्याहून जुनी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले, पण भाऊजींच्या तोंडी अजून 'आमची फॅक्टरी' हाच शब्द आहे. रायफलीची काडतुसे तयार करणाऱ्या यंत्रांपाशी त्यांनी तीस वर्षे काढली, आणि जन्मात एकही गोळी झाडली नाही. हातात बंदूक नसलेला इतका सौम्य मनुष्य काडतुसाविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलतो, याचे मला पूर्वी नवल वाटे. पण ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे लागलेल्या आगीने कित्येकांचे प्राण घेतले. अहिंसा आणि दारूगोळा आमच्या विदर्भात शेजारी राहतात. मग ते एका ओसरीवर बसले तर नवल कसले?

माझा भाचा टेक्ससमध्ये असतो. तेथे नेमबाजीचा छंद असणारे लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करतात व घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविणे हा गुन्हा. तेथे हा रविवारचा विरंगुळा. भाच्याने त्यासाठी एक यंत्र घेतले. त्यात एक गोल तबकडी असते. दांडा एकदा ओढला की तबकडी एक घर पुढे सरकते. पहिल्या ठाण्यावर पुंगळी मूळच्या मापास येते, पुढे नवी टोपी बसते, मग दारू पडते, पुंगळीचे तोंड किंचित पसरते, त्यावर गोळी येते, आणि शेवटी ती दाबून घट्ट बसविली जाते. सर्व ठाण्यांवर कामे एकाच वेळी चाललेली असल्याने प्रत्येक ओढीस एक काडतूस पुरे होते. हाताने गोळी ठेवण्याचा व्याप नको म्हणून त्याने वर फीडर बसविला होता. त्याच्या फिरत्या थाळीतून गोळ्या सुलट होऊन नळीत उतरतात आणि पुंगळी वर येताच एकेक खाली सुटते. निदान सुटावी अशी अपेक्षा असते.

त्या रविवारी सकाळी सातला फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. "बाबा, आठवडा झाला. चारातली एक गोळी वाकडी पडते आणि सगळं अडतं. फीडर वीस वेळा वर-खाली करून पाहिला."

भाऊजींनी फोन हाती घेतला नाही, नुसता कानापाशी आणावयास मला सांगितले. "आधी दारू आणि टोप्या दूर ठेव. रिकाम्या पुंगळ्या लाव. आता ओढ." खडखडाट झाला. त्यांनी डोळे मिटले होते. "आणखी ओढ." पुन्हा खडखडाट.

"फीडरला हात लावू नकोस," ते म्हणाले. "गोळी सरळच सुटते आहे रे. तिला बसायला जागा नाही. मागच्या ठाण्यावरची पुंगळी काढ, तोंड दाखव मला."

भाच्याने पुंगळी कॅमेऱ्यापुढे धरली. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढविला. "बघ, तोंड पुरतं उमललेलंच नाही. मागची डाय पाव आटा खाली घे. पावच. जास्त पसरलंस तर पितळ थकतं, दोन खेपांत चिरतं."

पाव आटा फिरला. दांडा ओढला गेला. आता जो आवाज आला त्यात खडखड नव्हती. "पन्नास होऊ दे, मग बोल," असे म्हणून भाऊजींनी चहाचा कप उचलला.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या सबंध संभाषणात मी भाच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. ताई गेली तेव्हा तो चौथ्या दिवशी आला. आई अंथरुणाला खिळलेली असताना मुलाला विमान मिळत नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. दोन वर्षे मी त्याच्याशी "बरं आहे ना?" यापलीकडे गेलो नव्हतो, आणि या अबोल्याला मी न्याय समजत होतो.

फोन ठेवल्यावर भाऊजी बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू पोरावर रागावला आहेस, ठाऊक आहे मला. डॉक्टरांनी महिनाभर आधी सांगितलं होतं. नवी नोकरी, व्हिसाची कटकट. म्हटलं, कशाला त्याचा जीव टांगणीला लावायचा. 'बरी आहे' असंच सांगत राहिलो. खरं सांगितलं ते शेवटच्या दोन दिवसांत. तो मिळेल त्या विमानाने निघाला होता रे."

"हे तुम्ही मला आजवर का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि मलाही सांगवेना."

घरी परतताना मला माझे ते वर्गातले वाक्य आठवले व त्याची लाज वाटली. गोळी वाकडी पडलेली मी पाहिली होती. मागचे ठाणे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. भाऊजींचा दोष म्हणावा, तर तो मायेचा होता. आणि माया तरी कितपत पसरावी, याचे माप कोणत्या कारखान्यात मिळते?

त्या रात्री मी भाच्याला पत्र लिहावयास बसलो. तीन वेळा खोडले. शेवटी फोनवरून एवढेच धाडले : "तुझ्या आईविषयी तुझ्याशी बोलायचे आहे. माझे चुकले. यंत्र कसे चालले आहे?"

उत्तर सकाळी आले. टेबलावर मांडलेल्या पन्नास काडतुसांची ओळ, आणि खाली : "मामा, एकही वाकडी नाही. रविवारी तुम्हीच फोन घ्या."

पुढच्या रविवारी ते चित्र मी भाऊजींना दाखविले. त्यांनी चष्मा पुसला, ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, "पन्नास ठीक आहेत. एक्कावन्नावं दाखव म्हणावं."