ईदनंतर जंजिरा पाहायचा असेल तर

डोळखांबहून समुद्र लांब. आसनगाव गाठून लोकल, मग अलिबागमार्गे मुरूड. दिवस प्रवासातच जातो. एवढे करून राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचावे आणि होड्या बंद असाव्यात, असे होऊ नये म्हणून हे लिहिते.

अरबीत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात, त्याचाच ‘जंजिरा’ झाला. पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याकडे होडी जात नाही. सप्टेंबरातही पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी खरी, पण दमट उकाड्यात ते तापलेले दगड सोसवत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च हाच काळ चांगला.

आता आपले गणित पाहा. घरची सगळी माणसे एकत्र निघतात ती ईदलाच. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. 2012 ते 2018 ईदुलफित्र जून ते ऑगस्टमध्येच आली. शीरखुर्मा झाल्यावर जंजिऱ्याला जायची सोयच नव्हती. आता ती मार्चमध्ये आहे, 2028 मध्ये फेब्रुवारीअखेर येईल. पुढची दहा-बारा वर्षे ईद अशीच चांगल्या हवेत येत राहील. नंतर पुन्हा पावसाळा गाठेल आणि पूर्ण फेरा व्हायला सुमारे 33 वर्षे लागतात. तोवर अम्मी-अब्बांचे गुडघे थोडेच थांबणार आहेत! दहावी-बारावीची परीक्षा असलेल्या घराने मात्र डिसेंबर धरावा.

बासी ईदला लगेच निघू नका. ईद अमावास्येला लागूनच येते, तेव्हा समुद्राला उधाण असते. शव्वालच्या सात-आठ तारखेला चंद्र अर्धा होतो, भांगाची भरती कमी चढते. सहा रोजे ठेवणाऱ्यांनाही ते सोयीचे. सकाळीच जा, दुपारी वारा वाढला की होडी हलते, आणि वयस्करांना खरी अडचण चढता-उतरतानाच येते.

किल्ल्यात कलालबांगडी तोफ आहेच, पण मुलांना गोड्या पाण्याचे दोन तलाव जरूर दाखवा. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये ही साठवण! भातसा, तानसा उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या शहापूरकरांनी तर तिथे जरा जास्तच वेळ थांबावे.

होडी नकोच वाटली तर राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींचे दगडी मकबरे आहेत. तिथे पावसाळ्यातही जाता येते.