रत्नागिरीत गेलात तर थिबाला भेटून या

आमच्या हिंगोलीकडे पाणी म्हणजे कयाधू नदी. त्यामुळे इकडच्या माणसाला कोकण म्हटलं की आधी समुद्र आठवतो. रत्नागिरीत तो पोटभर पाहायला मिळतो. भाट्याचा किनारा, तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग, तिथलं भगवती मंदिर, शहरातलं टिळकांचं जन्मस्थान, सगळं पाहाच. पण थिबा पॅलेससाठी जरा जास्त वेळ ठेवा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकलं आणि त्याला कुटुंबासह देशाबाहेर काढून पुढे रत्नागिरीत ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. त्याची समाधीही याच शहरात आहे.

त्याआधी १८५८ मध्ये इंग्रजांनी बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून रंगूनला पाठवलं होतं. १८६२ मध्ये त्यांचा तिथेच इंतकाल झाला. दिल्लीचा बादशाह ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! राजा रयतेपासून तोडायचा, हाच त्यामागचा हिशोब.

जफर यांचं नाव निघालं की आपल्या घरांत आजही हळहळ होते. परक्या मातीत त्यांची मजार सांभाळली जाते, याचं समाधान वाटतं. मग आपल्या मातीत निजलेल्या या बौद्ध राजाची विचारपूस आपण नको का करायला?

थिबा पॉइंटवरून खाडी आणि समुद्र फार सुंदर दिसतात. तिथे फोटो जरूर काढा. मग समाधीकडेही वळा. तिथे दोन मिनिटं शांत उभं राहिलात, तरी पुरे.