चिंच लावण्याआधी

सातारा, मंगळवार

चि. बाळूस,


काल दुपारी तुझं पत्र मिळालं. १८३५ च्या पाव आण्यावर उलटी, खोलगट छाप सापडली हे वाचून मी चष्मा शोधायला उठलो, आणि पुढच्याच ओळीला पोटात धस्स झालं. घरी आणल्या आणल्या चिंचेने घासून लख्ख केलंस? अरे, कुणाला विचारून? 

आता तुझा प्रश्न. ते टाकसाळीतलं ब्रॉकेज आहे की नंतर कुणी केलेली करामत? टाकसाळीत छापलेलं नाणं कधी कधी ठशालाच चिकटून राहतं आणि खाली नवी चकती येते. मग त्या चकतीच्या एका अंगावर समोरच्या ठशाची सरळ छाप उमटते आणि दुसऱ्या अंगावर चिकटलेल्या नाण्याची तीच छाप, पण खोलगट आणि उलटी. म्हणजे दोन्ही अंगांवर चित्र एकच हवं. एकीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह खोलगट आणि पलीकडे पानांची माळ उठावात असेल, तर जवळजवळ खात्रीने दोन नाणी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, दाबलेली आहेत. तसं असेल तर पलीकडची उंच अक्षरं चेपलेली दिसतील, आणि खोलगट छापेखाली मूळच्या अक्षरांचे अवशेषही सापडतील. वजनही कर, साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. फार कमी भरलं आणि सगळी अक्षरं सारखीच बारीक झालेली दिसली, तर ते आम्लात बुडवलेलं समज.

चिन्हावरून जाणारी रेघ तू फोटोत दाखवली आहेस, पण फोटोवर मी काही सांगणार नाही. खोली अंधारी कर, टेबलावरचा दिवा आडवा धर आणि भिंगातून बघ. रेघ उंच असेल तर ठसाच तडकलेला होता. खोल असेल तर तो ओरखडा, पुढे कुणाच्या तरी हातून पडलेला.

पण तो ओरखडा जुना की परवाचा, हे कशावरून ओळखायचं? रंगावरून! तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर खाचेच्या तळापर्यंत सारखा उतरला असेल तर खाच जुनी. आत तांबूस चकाकी दिसली तर नवी. हा एकच साक्षीदार होता बाळू, आणि तो तू चिंचेच्या पाण्यात धुऊन टाकलास. आपल्याकडे लख्ख म्हणजे चांगलं, या समजुतीने किती नासधूस होते! गावोगावच्या वीरगळांवर ऑइलपेंटचे थर बसलेत. त्याखाली छिन्नीचा घाव कुठला आणि नंतरचा टवका कुठला, आता कोण सांगणार? लावणारे हात भक्तीचेच असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

ज्या दुकानदाराकडून हे नाणं घेतलंस, त्यानेच तांब्याची एक शिवराईसुद्धा ‘एरर’, म्हणजे टाकसाळीत चुकलेलं नाणं, म्हणून दाखवली म्हणतोस. ‘छत्र’ पूर्ण आणि ‘पति’ अर्धं बाहेर गेलेलं, एवढ्यासाठी जादा पैसे? शिवराया हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेल्या. चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे अक्षरं काठाबाहेर जाणं हे रोजचंच. पूर्ण ‘श्री राजा शिव’ आलेली शिवराई मिळाली तर मला हाक मार. भोक पाडलेली असली तर मात्र नाक मुरडू नकोस. ती कुणाच्या तरी गळ्यात होती. एरर म्हणून कवडीची नाही, पण मी ती आनंदाने ठेवून घेईन.

किती पैसे दिलेस ते पत्रात कुठेच नाही. ताईचा परवा फोन आला होता, तिच्या आवाजावरून मला अंदाज आला. फीच्या पैशांना हात लावला असशील तर आजच कळव, रागावणार नाही. बाकी रक्कम द्यायची राहिली असेल तर देऊ नकोस.

रविवारी नाणं घेऊन ये. त्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, तांबं हिरवं पडतं. कोऱ्या कागदात गुंडाळ, आणि येईपर्यंत तेलाचं बोटसुद्धा लावू नकोस.

तुझा,
मामा