गाढव म्हणू नका, ‘ॲसिनाइन’ म्हणा!

मीटिंगमध्ये कुणाच्या आयडियाला ‘ॲसिनाइन’ म्हणा, तो गुपचूप डिक्शनरी उघडेल. तेच मराठीत ‘हा शुद्ध गाढवपणा आहे’ म्हणून बघा! अर्थ एकच. लॅटिनमध्ये गाढव म्हणजे ‘असिनुस’. प्राण्याच्या नावाला ‘इनुस’ची शेपटी लावायची, झालं विशेषण. कुत्र्याचं ‘कॅनाइन’, मांजराचं ‘फीलाइन’. डेंटिस्ट ‘कॅनाइन’चं रूट कॅनाल सांगतो तेव्हा तो तुमच्या सुळ्याला चक्क कुत्र्याचा दात म्हणत असतो. वर त्याचे पैसेही घेतो.

‘व्हॅक्सिन’ही त्यातलंच. ‘वाक्का’ म्हणजे गाय. १७९६मध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीतला द्रव वापरून माणसाच्या देवीवर लस टोचली, म्हणून ते ‘गाईचं’. पुढे १८८१मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ हे नाव सगळ्याच लसींना द्यायचं सुचवलं. म्हणजे कोविडच्या वेळी आपण दंडावर घेतली तीही नावापुरती गाईचीच!

आपल्याकडे ही सोय संस्कृत करतं. ‘श्वानदंश’ म्हटलं की कुत्रं जरा कमी चावतं.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, बाबांच्या हृदयाची झडप बदलायची वेळ येईपर्यंत. डॉक्टरांनी पर्याय सांगितले. मेटलची झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. दुसरी टिश्यूची, ‘बोव्हाइन’ किंवा ‘पोर्साइन’. ती कधीतरी पुन्हा बदलावी लागू शकते, पण त्या गोळ्या सहसा कायमच्या मागे लागत नाहीत. बाबांना गोळ्यांची कटकट नकोच होती. ते म्हणाले, ‘‘टिश्यूचीच घेऊ.’’

बाबा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘पोर्साइनच म्हणायचं. कशाला खोलात शिरायचं?’’

मला ते पटेना. छाती त्यांची, माळ त्यांची. रात्री मी बाबांजवळ बसले आणि सरळ मराठीत सांगितलं. एक गाईची असते, एक डुकराची.

बाबा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘गाईची नको. डुकराची बसवा म्हणावं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘वराह अवतारच की तो.’’

ऑपरेशन मस्त झालं. बाबा आता भेटेल त्याला ‘डुकराची झडप आहे माझी’ असं सांगत सुटतात. आई मात्र शेजारणींना अजून ‘पोर्साइन’च सांगते.