आवाजाची पारख

करंज्याच्या बंदरावर वाढलेल्या पोरांचे कान लवकर तयार होतात. पहाटे अंथरुणात असतानाच आई सांगायची, "मोठ्या काकांची होडी आली." खाडीत अंधार, धक्का घरापासून लांब, तरी तिला कळायचं. प्रत्येक होडीच्या इंजिनाचा सूर वेगळा. एकीचा भरदार, एकीचा खोकल्यासारखा, एकीचा मध्येच अडखळणारा. नवरा, दीर, भाऊ अशी घरची माणसं दर्यावर असली, की बायकांना ते सूर आपोआप पाठ होतात. ठरलेला सूर ठरलेल्या वेळी आला नाही, तर चूल पेटवतानाही हात थांबतो.

आजोबा तर माशांचा आवाज ऐकायचे. घोळ, कोत, ढोमी ही सगळी आवाज करणारी मासळी. पोटातल्या बोताच्या जोरावर ती ढोल वाजवल्यासारखी घुमते. घोळीच्या त्याच बोताला आज सोन्याचा भाव आहे. इंजिनं नव्हती तेव्हा शीड पाडून, होडीच्या तळाला कान लावून ते गप्प पडून राहायचे म्हणे. लाकडातून घूं घूं वर आलं, की जाळं सोडायचं. इंजिनं आली आणि ते ऐकणं संपलं. पण कान घरात राहिला. तो बाबांकडे आला.

बाबा ट्रॉलरवर डायवर होते. सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाशेजारी त्यांनी सव्वीस वर्षं काढली. इंजिनाच्या खणात दोन माणसांना एकमेकांच्या कानात ओरडूनही बोलता येत नाही. तिथे बाबा एक लाकडी दांडकी ठेवायचे, हातभर लांब, शिसवीची, दोन्ही टोकं गुळगुळीत झालेली. एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. मग ती दांडकी हेडवरून ब्लॉकवर, ब्लॉकवरून पंपावर सरकत जायची. टॅपेट वाजतोय, की बेअरिंग गेलंय, की नोझल थेंब थेंब गाळतोय, ते त्यांना दांडकीतून कळायचं. तरी शंका राहिली, तर ते एकेका सिलिंडरच्या नोझलचा पाइप क्षणभर ढिला करायचे. ज्याचा पाइप ढिला केल्यावर ठोका बंद पडला, तो चोर.

फ्रान्समध्ये १८१६ साली लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि पुढे तिची लाकडी नळी केली. आजच्या स्टेथोस्कोपचा तो मूळपुरुष. हे मी शाळेत शिकून बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याचा बाप डायवर आसल."

आमच्या घरात कॉम्प्युटर आला २००४ साली. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घेऊन जोडलेला. मोरा बंदरापर्यंतच्या लाँचमध्ये मी तो मांडीवर धरून आणला, भाऊच्या धक्क्यापासून तासभर. मॉनिटरचा खोका बाबांनी खांद्यावर घेतला होता. मला तो अर्ज टाइप करायला हवा होता. १९८४च्या जानेवारीत दास्तान फाट्याला आणि नवघरला पाच शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क उभा राहिला. पण हक्क उभा राहणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. वीस वर्षांनंतरही उरण तालुक्यातल्या गावोगावची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन फिरत होती. वारसाचा अर्ज, नावातली दुरुस्ती, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. मी ते टाइप करून द्यायचो. पानाला पाच रुपये, म्हाताऱ्यांना फुकट.

उरणची हवा म्हणजे खारी हवा. तीन बाजूंनी पाणी, मध्ये मिठागरं. खिडकीची बिजागरी दोन पावसाळ्यांत गंजते, पत्र्याला चार वर्षांत भोकं पडतात. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल धातू खाते. त्यात १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनरचे ट्रेलर वाढले, धूळ वाढली. मीठ, ओल आणि धूळ, तिन्ही पंख्यातून कॉम्प्युटरच्या पेटीत जायची. त्यामुळे वर्षभरातच पेटी बोलायला लागली.

पहिल्यांदा बोलली ती बीप बीप करून. पडद्यावर काहीच नाही, नुसती शिटी. ती शिटी म्हणजे मशीनची तक्रारच असते, पडदा उजळण्याआधी दुसऱ्या कशाने सांगणार? माझ्या मशीनची ती शिटी रॅमची होती. पट्टी काढली, तिचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबरने हलके पुसले, परत खटकन बसवली. चालू. तेव्हापासून टेबलावर एक खोडरबर कायमचा आला.

नंतर घरघर सुरू झाली. सकाळी चालू केल्यावर जास्त, तापल्यावर कमी. हे पंख्याचं लक्षण. आतलं तेल थंडपणी घट्ट असतं. बाजूचा पत्रा काढून पंख्याच्या मधल्या चकतीवर क्षणभर बोट टेकवलं. आवाज थांबला, म्हणजे तोच. चकतीवरचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, धूळ रंगाच्या ब्रशने काढली. एकदा तर नुसतं तर्र्र तर्र्र वाजत होतं, सायकलच्या चाकात पुठ्ठा लावल्यासारखं. एक वायर सुटून पात्यांना लागत होती. एकदा सगळी पेटी गुणगुणत होती आणि हात ठेवला की गप्प. पत्र्याचा स्क्रू ढिला. काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून फटीत घातला, तो शेवटपर्यंत तिथेच होता. एसएमपीएसचा डबा मात्र बाबांनी मला कधी उघडू दिला नाही. प्लग काढल्यावरही त्यात करंट मुरलेला असतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तोवर बाबांनी दर्या सोडला होता, कान गेले म्हणून. सव्वीस वर्षं इंजिनाजवळ बसण्याची ती किंमत. पनवेलच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. उंच, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागे राहतात. पाखरांचं चिवचिवणं, कुकरची शिटी, नातीचं बोलणं गेलं. दार आपटलेलं, ट्रेलर गेलेला राहिला. माणसांत बसायला ते टाळू लागले. कुणी दोनदा विचारलं, की हसून मान हलवायचे आणि उठून ओट्यावर जायचे. कान हाच ज्याचा धंदा, त्याचा कान गेला, की तो कुणालाच काही बोलत नाही.

२००६च्या पावसाळ्यात, होड्या शाकारलेल्या असताना, कॉम्प्युटरमधून नवाच आवाज आला. टक. मग थोडी शांतता. टक. टक. मग बारीक ची... आणि पुन्हा टक. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी ओळ: डिस्क सापडत नाही.

त्या डिस्कवर लोकांचे अर्ज होते. पण त्यांच्या प्रती कागदावर होत्या, ते पुन्हा टाइप झाले असते. दुसरं जे होतं, ते पुन्हा होणारं नव्हतं. आमची आजी धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी असो नसो, धवलारीण हवी. मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी तिच्या धवल्यांनी पुढे सरकतो. मामाने तिच्या तीन कॅसेट भरून ठेवल्या होत्या. आजी २००१ साली गेली. कॅसेटना बुरशी लागायला लागली, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या. चढवतानाच एकीची फीत तुटली, दुसरी चिकटली. आता धवले होते ते त्या टक टक करणाऱ्या डब्यात.

उरणातल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी कानाजवळ धरून लगेच सांगितलं, "हेड गेलं, नवीन टाका." आतलं काढून देणारे मुंबईत आहेत म्हणाले, पण जो आकडा सांगितला त्यात दुसरा कॉम्प्युटर आला असता.

घरी येऊन मी पुन्हा जोडून बघत होतो. मागे बाबा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "बाला, पयलं बंद कर ते," ते म्हणाले. "ठोकतंय तवा चालवायचं नाय. आयकाचं आसल तं थोराच येल." आणि आतून दांडकी घेऊन आले. ट्रॉलर सोडताना सगळं खलाशांना दिलं होतं, ती तेवढी घरी आणली होती.

आम्ही इंजिनाच्या रीतीने गेलो. एकेक सिलिंडर तोडायचा. पंख्याची वायर काढली, पाचच सेकंद चालू केलं, टक टक होतीच. सीडीची वायर काढली, होतीच. डिस्कची वायर काढली, शांत. मग डिस्क बाहेर घेऊन उशीच्या अभ्र्यावर ठेवली, नुसती वीज दिली. बाबांनी दांडकीचं टोक तिच्यावर अलगद टेकवलं आणि डोळे मिटले.

"फिरतंय," ते म्हणाले. "गोल फिरतंय, कुठं घासत नाय. बेअरिंग चांगलं हाय." थोड्या वेळाने: "दांडा जातंय, आनि परत येतंय. जातंय, परत येतंय. त्याला वाट गावत नाय."

मला तो ची... ऐकू येत होता, त्यांना नाही. त्यांना दांडकीतून फिरणं आणि ठोका कळत होता, जो मला नुसता टक वाटत होता. मी म्हणालो, बारीक आवाज एकसारखा आहे, वर-खाली होत नाही. ते म्हणाले, मग घसटत नाही. दोघांच्या कानांचा मिळून एक कान झाला.

डिस्कच्या पोटात आरशासारख्या तबकड्या असतात. माझ्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७,२०० फेरे घेत होत्या. वर एका दांडीच्या टोकाला हेड, तबकडीला न टेकता केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवर तरंगणारं. तबकडीवरच्या खुणा वाचून ते आपली जागा ओळखतं. खुणा वाचता आल्या नाहीत, की दांडी मूळ जागी परत जाते आणि पुन्हा प्रयत्न करते. ते परत जाणं म्हणजे टक. हेड मेलं तरी टक, आणि हेड जिवंत असून त्याचा निरोप बाहेर पोचत नसेल तरी टक. हेड घासलं असतं, तर खरखर आली असती. ती नव्हती.

"निरोप कुठशी बायर येतो?" बाबांनी विचारलं. मी डिस्क उलटी केली. खालच्या हिरव्या पाटीला चांदणीच्या आकाराचे स्क्रू होते. तसा पाना गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. पाटी उचलली. आतला डबा बंदिस्त, त्याला आम्ही हात लावला नाही. पण डब्यातून येणाऱ्या बारीक पिना पाटीवरच्या ज्या ठिपक्यांवर टेकतात, ते ठिपके काळे पडले होते. आमच्या खिडकीच्या बिजागरीसारखे. उरणची हवा तिथवर पोचली होती.

मी टेबलावरून खोडरबर उचलला. ठिपके हळूहळू उजळले. रबराचा चुरा ब्रशने काढला, पाटी बसवली, स्क्रू आवळले. बाबांनी दांडकी टेकवली, मी बटण दाबलं. एक टक झाली. दोघांचाही श्वास थांबला. मग दांडी कुरकुर करत पुढे सरकली, आणि सरकतच राहिली. बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला. बंदरात दोर सोडायला सांगताना करतात तसा.

मोबाइलवाल्याच्या भावाने त्याची डिस्क दिली. संध्याकाळपासून रात्री दोनपर्यंत एकेक फाइल उतरवली, आधी धवले, मग बाकी. मध्ये भारनियमनाने वीज गेली, तेव्हा यूपीएस कुंईकुंई करत वीस मिनिटं टिकला. दोन धवले अर्ध्यावर तुटले ते तुटलेच. बाकीचे आले. तीच डिस्क पुढे दोन महिने चालली आणि मग खरोखरच खरखरून गेली. तेव्हा तिच्यावर जपायचं काही नव्हतं.

फाइल शाबूत आहेत का हे बघायला मी एक धवला लावला होता. आजीचा आवाज उंच, चिरका. बाबांना तो ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं. ते स्पीकरजवळ आले, दांडकी त्याच्या लाकडी पेटीवर टेकवली, दुसरं टोक कानामागे. बराच वेळ तसेच उभे राहिले. "शबुद नाय गावत," म्हणाले. "पन आय हाय ती."

त्यानंतर मात्र बाबा पुन्हा माणसांत आले. कुणाचा मिक्सर, कुणाचा फ्रिज, कुणाची मोटर. घरघर करणारी वस्तू घेऊन बायका आमच्या ओट्यावर यायच्या, बोलणं मोठ्याने करायच्या, आणि बाबा दांडकी लावून सांगायचे. दुरुस्ती दुसऱ्याने करावी, रोग त्यांनी ओळखावा.

आता माझ्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी डिस्कच नाही. एसएसडी आली, तिच्यात काही हलत नाही, म्हणून काही वाजतही नाही. मरते तेव्हा न सांगता मरते. म्हणून आजीचे धवले मी तीन ठिकाणी ठेवले आहेत. एक प्रत माझ्याकडे, एक पुण्याला पुतणीकडे, आणि एक गावातल्या आजच्या धवलारणीच्या फोनमध्ये. ती त्यातले पाच शिकली आहे. गेल्या माघात एका हळदीला तिने त्यातला एक म्हटला. तुटलेल्या दोनांपैकी एक तिच्या आजीला येत होता म्हणे. तिने तो पुरा करून म्हटला.