सोलापूरची कोरडी शिदोरी

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी दौंड सोडते आणि खिडकीतला मुलूख हळूहळू पालटू लागतो. भिगवणच्या आसपास उजनीच्या फुगवट्याचे पाणी काही काळ सोबत करते, पण ते मागे पडले की जेऊर, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ अशी स्टेशने येऊ लागतात आणि हवेतला ओलावा जणू प्रत्येक स्टेशनावर थोडाथोडा उतरून जातो. सुमारे २६४ किलोमीटरांचा हा प्रवास. या मार्गावर आगगाडी सोलापूरला पोहोचली ती १८६० साली. तेव्हापासून आजवर कितीतरी माणसे या गाडीने सोलापूरला आली असतील. कोणी सिद्धेश्वराच्या दर्शनाला, कोणी चादरी घ्यायला, कोणी पुढे पंढरपूर, तुळजापूर किंवा अक्कलकोट गाठायला. मी मात्र गेल्या माघात सोलापूरला गेले ती दुपारचा डबा पाहायला. हे ऐकून गाडीतल्या शेजारीणबाई हसल्या. वाचकांनाही हसू आले असेल, म्हणून कारण आधीच सांगून टाकते.

आमची धाकटी लेक पुण्यात नोकरी करते. घरातून सकाळी आठाला बाहेर, रात्री आठाला परत. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा तापवायचे यंत्र तिच्या कचेरीत एक, आणि त्याच्यापुढे रांग साऱ्या मजल्याची. रांगेत उभे राहावे तर जेवायला वेळ उरत नाही, आणि उभे न राहावे तर भात-आमटीचा गोळा गिळवत नाही. तेव्हा डबा अर्धा परत यायचा आणि चार वाजता चहा-बिस्किटांवर भूक भागायची. वर्षभरात ती इतकी वाळली की अखेर डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले. स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ तरी हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर बजावले, “गोळ्या मी देतो, पण दुपारचं जेवण तुम्हीच द्यायला हवं. ते पोटात गेलं पाहिजे.”

हे सारे मी फोनवर वन्संना सांगितले. वन्सं लग्न होऊन सोलापूरला गेल्या त्याला आता चाळीस वर्षे झाली. त्या एवढेच म्हणाल्या, “वहिनी, चार दिवस इकडे या. बोलून समजायचं नाही, बघायला हवं.”

पहिल्याच दुपारी त्यांनी पाट-पाणी केले आणि ताटात जे वाढले त्यातला एकही पदार्थ गरम नव्हता. पापडासारखी कुरकुरीत, ताटाएवढी ज्वारीची कडक भाकरी. तीवर तेल सुटलेली शेंगांची चटणी. बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा, काकडी, लिंबाची फोड आणि वाटीत घट्ट दही. भाकरीचे तुकडे मोडून दह्यात टाकायचे, वर चटणी घालायची आणि दोन मिनिटे थांबायचे. तुकडे बाहेरून मऊ होतात, आत किंचित करकरीत राहतात. मी दोन भाकऱ्या कधी संपवल्या ते मलाच कळले नाही.

वन्सं म्हणाल्या, “तुम्हां पुण्या-मुंबईच्या माणसांचं एक असतं बघा. जेवण करायचं ते गरम खायचं, आणि डब्यात घालून ते गार खायला लावायचं. मग लेकरू खाणार कसं? गार खायचं जेवण वेगळंच असतं. ते पहिल्यापासून तसंच रांधायला लागतं.”

सोलापूरला जाऊन मी काय शिकले असे कोणी विचारले तर वन्संचे हे वाक्यच सांगेन. मुंबईने आपला प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. १८९० पासून तिथले डबेवाले घरचा ताजा डबा दुपारी कचेरीत नेऊन पोहोचवू लागले. सोलापूरच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईला असा डबा कोण पोहोचवणार? उन्हाळ्यात इथला पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. सकाळी बांधलेली ओली भाजी अशा हवेत दुपारपर्यंत आंबते. म्हणून या मुलखाने अन्नातले पाणीच काढून टाकले.

यामागचे शास्त्र साधे आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना ऊब हवी आणि ओल हवी. पाच ते साठ अंशांच्या मधली ऊब त्यांना मानवते, आणि आपला सकाळचा डबा दुपारपर्यंत नेमका तिथेच असतो. भाताचे तर आणखी जपावे लागते. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढू लागतात. ऊब आपल्याला टाळता येत नाही, पण ओल टाळता येते. ओल गेली की जिवाणूंचा संसार थांबतो. चवीचेही तसेच आहे. भात किंवा मऊ भाकरी गार झाली की तिच्यातले पिष्ट घट्ट होते आणि ती चिवट किंवा कोरडी लागते. कडक भाकरी मुळातच कडक, तिला आणखी काय व्हायचे राहिले?

दुसऱ्या दिवशी वन्संनी मला एका गल्लीत नेले. तिथे पाचसहा बायका मिळून भाकऱ्यांचा धंदा करतात. सोलापुरात असे बचतगट पुष्कळ आहेत. गरम पाण्यात ज्वारीचे पीठ मळायचे, हाताने थापत थापत भाकरी अगदी पातळ करायची, तव्यावर दोन्हीकडून भाजायची, आणि मग मंद आचेवर तिच्यातला उरलासुरला ओलावा जाईपर्यंत ठेवायची. घाई केली तर कडा करपतात आणि मधला भाग ओला राहतो. तो ओला राहिला की चार दिवसांत बुरशी. म्हणून प्रत्येक भाकरी बोटाने वाजवून पाहतात. नीट वाळलेली भाकरी खणखणीत वाजते. अशी भाकरी कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवली की कित्येक दिवस टिकते. पावसाळ्यात मात्र ती सादळते, तेव्हा पुन्हा तव्यावर टाकून घ्यायची.

तिथल्याच एका आजींनी चटणी करून दाखवली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ. पाण्याचा थेंब नाही. उखळात घातले आणि कुटत राहिल्या. आधी भुगा झाला, मग तो ओलसर दिसू लागला, आणि शेवटी दाण्याचे स्वतःचे तेल सुटून चटणीचा गोळा होऊ लागला. मी विचारले, “आजी, हे मिक्सरवर होत नाही का?” त्या म्हणाल्या, “होतं की बाई, पण थांबून थांबून फिरवा. एकदम फिरवलं तर नुसती भुकटी हुतीया.” दाणे आधी निवडायचे, बुरसलेला किंवा कडवट दाणा काढून टाकायचा, हे त्यांनी दोनदा बजावले. ते योग्यच आहे. दाण्यावरच्या बुरशीत यकृताला घातक असे विष असते आणि भाजूनही ते पुरते जात नाही.

तिसऱ्या दिवशी एस.टी.ने मंगळवेढ्याला गेलो. पन्नासेक किलोमीटरांचा रस्ता, आणि गावाजवळ दोन्ही अंगांना काळ्याभोर रानात उभी ज्वारी. ज्वारीचे कोठार म्हणून या तालुक्याची ख्याती. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळा सरता सरता पेरतात, आणि पुढे पाऊस नसला तरी खोल काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर पीक उभे राहते. कणीस मोत्यासारखे पांढरे.

गावात संत दामाजींचे मंदिर आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडताना पाहून बहामनी राजवटीतल्या या अधिकाऱ्याने सरकारी धान्याची कोठारे लोकांना मोकळी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संत चोखामेळ्यांचा अंतही १३३८ मध्ये याच गावी, कोसळलेल्या भिंतीखाली झाला. मंदिराच्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी बरोबरचे फडके सोडले. कडक भाकरी, चटणी, कांदा. शेजारी एक शेतकरी जोडपे त्यांचे गाठोडे सोडून बसले होते. त्यांच्याही फडक्यात तेच होते. बाईंनी आम्हांला कारळाची चटणी दिली, आम्ही त्यांना दही दिले. लेकीच्या कचेरीतली ती रांग मला आठवली आणि वाटले, इथे चौघे जेवतो आहोत, पण विस्तवाची आठवण कोणालाच नाही.

आता कामाचे सांगते. परत आल्यावर लेकीसाठी आम्ही पाच दिवसांचे पाच डबे ठरवले. सोमवारी दोन कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, काकडी आणि घट्ट झाकणाच्या डबीत गार दही. मंगळवारी धपाटे. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, एक वाटी बेसन, मूठभर कणीक, तीळ, ओवा आणि चिरलेली मेथी. ते आदल्या रात्री करून ठेवता येतात. बुधवारी दशमी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात मळलेली पोळी. आपल्या आज्या प्रवासाला हीच बांधून देत. ती गार झाली तरी मऊ राहते. तिच्याबरोबर सुकी बटाट्याची भाजी. गुरुवारी वाटली डाळ आणि भाकरी. शुक्रवारी मोड आलेल्या मटकीची अगदी कोरडी उसळ. ही मात्र दुपारीच संपवायची, संध्याकाळसाठी ठेवायची नाही. प्रत्येक डब्यात लिंबाची फोड आणि एखादे फळ.

यात पोषण कुठे आहे, असे कोणी विचारील. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. धान्यात प्रथिनांचा जो घटक कमी पडतो तो डाळ भरून काढते, म्हणून धपाट्यातले बेसन केवळ चवीपुरते नाही. लिंबातले क जीवनसत्त्व धान्या-डाळींतले लोह अंगी लागायला मदत करते, आणि चहा नेमका त्याच्या आड येतो. म्हणून जेवणाबरोबरचा चहा आम्ही तासभर पुढे ढकलला. रक्तदाब असणाऱ्यांनी चटणी बेताने खावी, तिच्यात मीठ असते.

भाकऱ्यांचे पुडके सोलापूरहून येते, चटणी महिन्यातून एकदा रविवारी कुटतो. सकाळची माझी पाऊण तासाची धावपळ दहा मिनिटांवर आली आहे. लेकीचा डबा रिकामा येऊ लागला. गोळ्या चालूच होत्या, त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले तेव्हा आकडा ११.४ होता. अजून थोडे चढायचे आहे. पण परवा ती म्हणाली, “आई, पुडकं दोन मागव. आत्याच्या भाकरीची आता रांगेतल्या मैत्रिणींना चटक लागलीय.”

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घराघरांत चकल्यांची सोऱ्ये बाहेर निघाली असतील. चकली, शंकरपाळे, चिवडा, कडबोळी यांतले काय आपण तापवून खातो? ओलावा घालवून अन्न टिकवायची विद्या आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे, फक्त तिच्या नशिबी वर्षातले पाचच दिवस येतात. तळणीचे ते पाच दिवस सुखाने साजरे करावेत. मग फराळाचे डबे रिकामे झाले की घासून, उन्हात कोरडे करून, त्यांत भाकऱ्या भराव्यात.